एका फळीवरच्या दोन प्रती

तांबट लेन, नाशिक
३ ऑक्टोबर २०२५

सौ. शुभांगीस,

मोठ्या जावेचा आशीर्वाद. नको असेल तर परत पाठव, इथे घेणारे पुष्कळ आहेत.

टपालाने आलेलं पाकीट पाहून दचकू नकोस, सगळे धडधाकट आहेत. तुझ्या फोनवर माझं नाव दिसलं की तो वाजून वाजून गप्प होतो. व्हॉट्सॲपवर माझ्या शुभेच्छांपुढे दोन वर्षं एकच टिक उभी आहे. परवा मी शेजारच्या दुकानातून फोन लावला, तर कुणा बाईने उचलून "शुभांगी घरमा नही शे" म्हणून सांगितलं. मागून "कोण आहे गं?" असा तुझाच आवाज येत होता. कळवणला जाऊन फोन उचलायला माणसं ठेवलीस की काय? असो. सोबत आपट्याची पानं पाठवते आहे. पोचेपर्यंत चुरा होईल, पण सोनं ते सोनंच.

आता गंमत ऐक. खंडेनवमीला आपल्या कारखान्यात हत्यारांची पूजा कशी होते ते तुला सांगायला नको. दोन स्टुलांवर लांब फळी, तिच्यावर हातोड्या, ठोकण्या, कात्र्या, सगळं घासूनपुसून. हळदकुंकू, झेंडूची फुलं, आणि मग दसऱ्यापर्यंत कुणी हात लावायचा नाही. कॉम्प्युटरही तिथेच, कारण तोही हत्यारच असं आमच्या ह्यांचं म्हणणं. यंदा कुणाच्या तरी डोक्यात आलं की मेलच्या फाईलीची प्रत ज्या दोन डिस्कांवर असते, त्यांनी काय पाप केलं? वर्षभर राखण करतात बिचाऱ्या. म्हणून एक कपाटातून आणि दुसरी वरच्या मजल्यावरच्या देवघरातून, जिथे तू मुद्दाम लांब ठेवली होतीस तिथून, खाली आणली. कॉम्प्युटरचा डबा फळीवर सगळ्यात सपाट, म्हणून कलश त्याच्यावर. पाण्याने काठोकाठ.

आरती सुरू होणार तोच आपला चिमाजी ओरडला, "वैनी, माझा घण ऱ्हायला की!" आणि तो मोठा घण त्याने फळीच्या अगदी टोकाला ठेवला. फळी उचलली गेली दुसऱ्या बाजूने. हातोड्या, कलश, कॉम्प्युटर, डिस्का, फुलं, सगळं घसरत खाली, आणि चिमाजीने घाईने पकडलेला घण हातातून निसटून सर्वांत शेवटी. दोन्ही डिस्का त्याच्याखाली. मग चिमाजी म्हणाला, "लय वंगाळ झालं वैनी, पन नारळ शाबूत हाय." मला इतकं हसू आलं की शेवटी ह्यांनी मला पाटावर बसवलं.

बाकी सगळं उत्तम. ज्ञानेशभाऊजींना नमस्कार.

तुझी,
मोहिनी

ता. क. सहज आठवलं म्हणून विचारते. तू जाताना तुझ्या सामानात एक काळी डिस्क होती, रबराच्या वेष्टनाची. अजून आहे का? घाई काहीच नाही.

---

तांबट लेन, नाशिक
९ ऑक्टोबर २०२५

सौ. शुभांगीस,

पत्र पोचलं असेल. उत्तर नाही, म्हणजे चुरा झालेलं सोनं पसंत पडलेलं दिसत नाही.

घाई काहीच नाही असं मी लिहिलं होतं, ते खोटं होतं. घाई आहे.

कॉम्प्युटरवाल्या राकेशने डबा उघडून आतलं पाणी ओतलं, डिस्का हलवून कानाशी धरल्या आणि मान हलवली. पुण्याला कुणाकडे तरी पाठवून पाहिलं, तिथूनही नकार आला. आपल्याकडे अजून ती जुनी सोय आहे ना, मेल आला की बाहेरच्या पेटीतून आपल्या कॉम्प्युटरवर उतरतो आणि बाहेरची पेटी रिकामी होते. त्यामुळे आजवरचा सगळा पत्रव्यवहार त्या एका फाईलीत, आणि फाईलीच्या दोन्ही प्रती त्या एका फळीवर. हो, डिस्का मीच खाली आणल्या. "कुणाच्या तरी डोक्यात" असं लिहिलं होतं, ते डोकं माझंच.

आता अडचण सांगते. जर्मनीतल्या योगकेंद्राने पुन्हा ऑर्डर दिली आहे. तीन वर्षांपूर्वी आपण त्यांना तोटीचे आणि झाकणाचे तांब्याचे हंडे पाठवले होते, तेच, तसेच, आणखी हवेत. त्यांच्याकडे लाकडी घडवंच्या तयार आहेत, हंड्याचं बूड त्यांत नेमकं बसायला हवं. सगळी मापं तिथल्या हिल्डाबाईंनी मेलने पाठवलेल्या आकृतीत होती. हिल्डाबाई निवृत्त झाल्या. त्यांच्या जागी आलेला माणूस लिहितो की आमच्याकडे काही सापडत नाही, मापं तुमच्याकडेच आहेत. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात त्यांना नमुना दिसला नाही तर ते दुसरीकडे जाणार. ही ऑर्डर गेली तर हिवाळाभर कारखान्यात ठोकठोक ऐकू येणार नाही. चिमाजी छातीठोकपणे म्हणाला, "मला याद हाय." त्याने तीन नमुने केले. तिन्ही सुंदर, आणि तिन्हींची बुडं वेगवेगळी.

तर तुझ्याकडची काळी डिस्क हवी आहे, तिच्यावर मेलच्या फाईलीची जुनी प्रत असणार. पण खरी धाकधूक वेगळीच आहे, ती तुला कळली असेल. ती आकृती मी टोपलीत ठेवली होती.

हो, त्याच टोपलीत. आता पुन्हा भांडायला लागू नकोस. तू म्हणतेस, प्रोग्राममधली ती टोपली टाकाऊ मेलसाठी असते. मी आजही म्हणते, तांबटाच्या घरात टोपली टाकायला नसते. पत्र्याची कात्रणं आपण टोपलीत ठेवतो ती पुन्हा वितळवायला. घरातलं सगळ्यात जपायचं तेच. लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनी मला पहिली ओळख करून दिली ती त्या टोपलीची. मग महत्त्वाचं पत्र मी दुसरं कुठे ठेवणार? आणि तू दिवाळीच्या साफसफाईत, फाईल फुगली, प्रोग्राम अडकतो म्हणून, टोपली रिकामी केलीस. मग मी काहीतरी बोलले. मग ज्ञानेशभाऊजींची बदली झाली आणि तुम्ही गेलात. विचारणाऱ्यांना मी बदलीचंच सांगते.

तेव्हा तुझ्या डिस्कवरची प्रत टोपली रिकामी होण्याच्या आधीची की नंतरची, एवढंच कळव. एका शब्दाचं उत्तर पुरे.

मोहिनी

---

तांबट लेन, नाशिक
१५ ऑक्टोबर २०२५

शुभांगी,

एका शब्दाचं उत्तर मागितलं, तू पोस्टकार्ड पाठवलंस! पोस्टमनने ते आधी चहाच्या टपरीवर वाचून दाखवलं, मग मला दिलं. त्यामुळे तुझा मजकूर आता अख्ख्या गल्लीला पाठ आहे: "ताई, डिस्क आहे, कोरड्या डब्यात आहे. आत काय आहे ते उघडल्याशिवाय सांगणार नाही. उघडून न पाहिलेली प्रत असून नसल्यासारखी. इथे मेलचा तो प्रोग्राम नाही. तुम्ही नवा कॉम्प्युटर घ्या. शुभांगी." टपरीवाला मला विचारतो, "काकू, आत काय आहे?" मी म्हटलं, मलाही तेच हवंय.

पण आधीची की नंतरची हे तुला आठवत असणारच. तुला सगळं आठवतं. मी कुठल्या सणाला कुठली साडी नेसले हेसुद्धा. मुद्दाम सांगत नाहीस ना? नको सांगूस. मी पण काही कमी नाही, मी विचारणारच नाही. (आधीची ना?)

नवा कॉम्प्युटर आला. राकेशने तो प्रोग्राम घालून दिला. तुझी शिस्त मी त्याला पढवली: कॉपी करताना मेलचा प्रोग्राम आधी बंद करायचा, नाहीतर उघड्या फाईलीची प्रत अर्धवट उतरते. दर वर्षाची फाईल वेगळी (हे मी तेव्हा तुझं कधी ऐकलं नाही). फाईलीच्या नावात तारीख. राकेश म्हणाला, "काकू, तुम्हाला बरंच येतं." मी तुझं नाव सांगितलं नाही. मग संध्याकाळी राहवेना, त्याच्या दुकानात जाऊन सांगून आले.

आता डिस्क कळवणच्या एसटीत कंडक्टरच्या हातात दे. वणीमार्गे दुपारी पोचते, चिमाजी स्टँडवर उभा राहील. हवं तर दिवसभर उभा राहील, तिन्ही नमुन्यांपासून त्यालाही लांबच राहायचंय.

आणि दिवाळीला काय करताय? वरची खोली रंगवून घेतली. तुमच्यासाठी असं नाही, रंग उरला होता.

मोहिनी

---

तांबट लेन, नाशिक
१९ ऑक्टोबर २०२५

शुभांगी,

काल ज्ञानेशभाऊजींचा ह्यांना फोन आला. म्हणजे बोलत ते होते, सांगत तू होतीस. ते एक वाक्य बोलायचे, थांबायचे, मग पुढचं. हे मला हळूच म्हणाले, "दुभाषा लावलाय." निरोप असा मिळाला की जगात उरलेली एकुलती एक प्रत एसटीने पाठवत नसतात. आधी तिची दुसरी प्रत करायची, ती कळवणला ठेवायची, आणि मग मूळ डिस्क स्वतः घेऊन यायचं.

स्वतः! मी ह्यांना तीनदा विचारलं, नक्की 'स्वतः' म्हणाले ना?

भाऊबीजेनंतरच्या शनिवारी ये. करंज्या राखून ठेवते. तुझ्या आवडीच्या ओल्या नारळाच्या, टिकत नाहीत म्हणून शुक्रवारी करीन. डिस्कमध्ये आकृती असो वा नसो, करंज्या असतील. हे लिहिताना मनाशी म्हणते आहे, आकृती असू दे गं. चिमाजीकडे पाहवत नाही. दिवसभर रिकाम्या ऐरणीपाशी बसून असतो आणि मला बघितलं की हातोडी उगाचच पुसायला घेतो.

मोहिनी

---

तांबट लेन, नाशिक
२७ ऑक्टोबर २०२५

शुभांगी,

परवा तू इथे होतीस तरी लिहिते आहे, कारण अर्धा वेळ तू पुढच्या खोलीत होतीस आणि मी स्वयंपाकघरात. तुला माहीत नसलेला भाग सांगायचा आहे.

आलीस ती चपला काढून सरळ कॉम्प्युटरपाशी. चहालाही नुसती मान हलवून नको. नव्या डब्याच्या जाळीवर मी कुंकवाचं स्वस्तिक काढलं होतं, ते आधी ओल्या फडक्याने पुसलंस. "ताई, हा इथून श्वास घेतो," म्हणालीस. दोन वर्षांनंतर माझ्याशी बोललेलं पहिलं वाक्य ते. मी मनात म्हटलं, चला, बोलली.

मग डिस्कवरची फाईल थेट उघडलीही नाहीस. आधी कॉम्प्युटरवर उतरवून घेतलीस, डिस्क काढून पर्समध्ये ठेवलीस, आणि मग उतरवलेली उघडलीस. हे तुझ्यामागे उभे, चिमाजी दारात, आणि मी टेबलाचा कोपरा धरून. तू टोपलीवर बोट नेलंस. मी डोळे मिटले. उघडले तेव्हा टोपली गच्च भरलेली. हिल्डाबाईंची आकृती, बुडाचा घेर, तोटीची उंची, सगळं जसंच्या तसं. चिमाजी म्हणाला, "अगं बया, बुडाचं माप हे व्हय!" आणि आकृती छापून होण्याआधीच कारखान्याकडे पळाला.

मी विचारलं, "मग ही प्रत..."

"टोपली रिकामी करण्याच्या आधी काढलेली," तू म्हणालीस. "आधी प्रत, मग साफसफाई. मी काय वेडी आहे का ताई, तुमची टोपली प्रत न काढता रिकामी करायला?"

"मग तेव्हा का नाही बोललीस?"

"तुम्ही बोलू दिलंत?"

मी साखर आणायला म्हणून आत गेले, आठवतं? चहा तर तू घेतच नव्हतीस. मी आत जाऊन पिठाच्या डब्याला टेकून रडले. दोन वर्षांपूर्वी याच घरात मी तुला म्हणाले होते, "हे तुझं घर नाही, इथलं काही टाकायचा तुला अधिकार नाही." आणि तेव्हा सगळी टोपली तुझ्या पर्समध्ये होती. एक वाक्य ऐकून घेतलं असतं तर दोन दिवाळ्या वाचल्या असत्या. पदराने तोंड पुसलं, साखर न घेताच बाहेर आले, तेही तू पाहिलंस.

करंज्या खाताना मी म्हटलं, परत या इकडे. खोली रंगवली आहे, आणि हो, तुमच्यासाठीच रंगवली. तू माझा हात धरलास आणि म्हणालीस, "ताई, दोन प्रती एका फळीवर ठेवायच्या नसतात."

खरं सांगू? मला राग आला. तुला बसवर सोडायला मी आले नाही, गुडघा दुखतो म्हणाले. गुडघा दुखत नव्हता.

मोहिनी

---

तांबट लेन, नाशिक
७ नोव्हेंबर २०२५

शुभांगी,

सोमवारी नमुन्याचे फोटो आणि मापं गेली, आज उत्तर आलं. तो नवा माणूस लिहितो की अगदी तोच हंडा. काम सुरू झालं. आता सकाळपासून इतका ठणठणाट आहे की हे पत्र मी वरच्या खोलीत, तुमच्यासाठी रंगवलेल्या, बसून लिहिते आहे. रंग छान दिसतो. पिस्ता. तू म्हणाली असतीस, फिका झाला.

तुझ्या त्या वाक्यावर दहा दिवस फणफणले. ह्यांना विचारलं, तर म्हणाले, "बरोबर आहे तिचं." त्यांचंही डोकं खाल्लं. काल मात्र नवी डिस्क कुठे ठेवायची म्हणून घरभर फिरत होते. कपाट नको, देवघर नको. कुठेही ठेवली तरी खंडेनवमीला मी उचलून खाली आणणार, मला माझा भरवसा नाही. आणि एकदम पटलं. त्या दिवशी आपण एकाच घरात असतो तर तुझी डिस्कसुद्धा त्याच फळीवर असती. मीच हळदकुंकू लावलं असतं. तू कळवणला होतीस म्हणून आज चिमाजीची हातोडी चालते आहे.

आणि आपलंही तसंच गं. एका स्वयंपाकघरात दोघी होतो तेव्हा एकीचं पातेलं दुसरीच्या कोपराला लागायचं. तू लांब राहा. रागाने नको, तशीच राहा. पिस्ता खोली पाहुण्यांची खोली म्हणून राहील, आणि पाहुणी तूच.

तर आता ठरलं ते असं. इथली प्रत इथे, दुसरी कळवणला तुझ्या कोरड्या डब्यात. खंडेनवमीला तुझ्या डिस्कची पूजा तू तिकडेच कर, माझ्या वतीने कुंकू लाव, आणि पाणी लांब ठेव. राकेश सांगत होता की हल्ली इंटरनेटवरूनही प्रत परस्पर पाठवता येते, माणसाला जायची-यायची गरज नाही. मी त्याला म्हटलं, तुझं तुझ्याजवळ ठेव. आमच्याकडे ते चालणार नाही. प्रत दर महिन्याला जुळवून घ्यावी लागते, नाहीतर ती जुनी होते, हे तूच शिकवलंस. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी तू बसने ये, डिस्क जोड, प्रोग्राम बंद आहे का ते माझ्यावर ओरडून बघ, आणि रविवारी जा. या वेळी मी स्टँडवर सोडायला येईन. गुडघ्याला सांगून ठेवलंय.

शुभांगी, मला तुझी फार आठवण येते. हे मी फोनवर सांगितलं नसतं, बरं झालं तू उचलत नव्हतीस.

डिसेंबरचा पहिला शनिवार सहा तारखेला आहे. करंज्यांचे दिवस गेले, पण ओला नारळ बाराही महिने मिळतो. डिस्क विसरलीस तरी चालेल.

तुझी,
मोहिनीताई